सत्कारमूर्तींना एकदा विचारा तरी

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींची पंच्याहत्तरी १ जूनला येण्याची शक्यता इतर कोणत्याही तारखेपेक्षा बरीच जास्त असते. कारण सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जन्माची नोंद नसलेल्या पोराला बाप शाळेत घेऊन आला की त्या काळचे मास्तर अंगकाठीवरून वयाचा अंदाज बांधत आणि दाखलखारीज रजिस्टरात १ जून टाकून मोकळे होत. त्या पोरांतली काही पुढे स्वतः मास्तर झाली, त्यांनीही पुढच्या पोरांना तीच तारीख दिली, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ३१ मे रोजी सेवानिवृत्त होणाऱ्यांची रांग लागली. आता त्याच हिशेबाने अमृतमहोत्सव आणि सहस्रचंद्रदर्शने येतात. (हजार पौर्णिमा काटेकोर मोजायच्या तर ऐंशी वर्षे आणि वर जवळपास दहा महिने लागतात; पण तिथे तरी कोण पंचांग उघडून बसते!) तारीख खरी की कागदोपत्री, याने कुणाचे काही बिघडत नाही, बिघडूही नये. गावाला निमित्त हवे असते आणि हे निमित्त चांगलेच आहे. त्या निमित्ताचे आपण करतो काय, एवढाच प्रश्न आहे.

करतो ते ठरलेले आहे. सत्कार समिती नेमली जाते, वर्गणी निघते, फ्लेक्स लागतो, निमंत्रणपत्रिकेत कुणाचे नाव कुणाच्या वर यावरून दोन दिवस रुसवेफुगवे होतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, मानपत्राचे वाचन. आठ-दहा माजी विद्यार्थी बोलतात. कुणी तहसीलदार झालेला असतो, कुणी डॉक्टर, कुणी पुण्यात सोसायट्या बांधणारा. प्रत्येकाच्या बोलण्याचा गाभा एकच असतो: सरांनी आम्हाला घडवले. मानपत्रातला मजकूर तर असा असतो की नाव आणि गाव बदलून तो तालुक्यातल्या कुठल्याही निवृत्त शिक्षकाला देता यावा. ‘ज्ञानदानाचे पवित्र कार्य’, ‘अनेक पिढ्या घडवणारे शिल्पकार’, ‘निःस्वार्थ सेवा’. गुरुजी सत्काराला उत्तर द्यायला उभे राहतात तेव्हा मंडपाच्या मागून मसालेभाताचा वास येऊ लागलेला असतो, आणि सूत्रसंचालकाने ‘थोडक्यात’ असे आधीच कानात सांगितलेले असते. एवढ्या दोन-तीन तासांत एक गोष्ट कुणीही विचारत नाही, ती म्हणजे, तुम्ही शिकवत होता कसे? माझे म्हणणे असे की ज्या माणसाने छत्तीस-सदतीस वर्षे एकच काम केले त्याचा खरा मान त्या कामाविषयी त्याला खोलात जाऊन विचारण्यात आहे, आणि ते टिपून ठेवण्यात आहे. बाकी सोहळा हवा तेवढा करावा. हे मात्र टाळले तर सन्मान माणसाचा झाला आणि कामाकडे पाठ फिरवली, असे होते.

काम केवढे होते ते आधी पाहू. आज पंच्याहत्तरीच्या आसपास असलेली पिढी १९५०च्या अलीकडे-पलीकडे जन्मलेली. अकरावीची मॅट्रिक, मग डी.एड., आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दहा वर्षांचेही वय नसलेल्या जिल्हा परिषदांच्या सेवेत दाखल. नोकरी लागली तोच १९७२चा दुष्काळ, आणि शिकवण्याबरोबर सुकडी वाटण्याचे काम. बालभारतीची पुस्तके तेव्हा नवीन. ती काढणाऱ्या पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापनाच १९६७ची. १९७५ साली अकरावीऐवजी दहावीची पहिली परीक्षा झाली आणि सगळा आकृतिबंध बदलला. १९८६च्या शैक्षणिक धोरणामागून खडू-फळा मोहीम आली, नव्वदच्या दशकात साक्षरता मोहीम आणि क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. या शेवटच्या गोष्टीकडे जरा थांबून पाहावे. ज्या माणसाने स्वतः पाचवीनंतर केव्हातरी इंग्रजी अक्षरे गिरवली आणि नंतर आयुष्यात कधी त्या भाषेत चार वाक्ये सलग बोलण्याची वेळ आली नाही, त्याला पन्नाशीत सांगितले गेले की उद्यापासून सहा वर्षांच्या मुलांशी इंग्रजीत बोल. त्याने काय केले? गाणी पाठ केली, तालुक्याच्या हायस्कुलातल्या सरांकडून उच्चार विचारून घेतले, की पुस्तक तसेच मिटून ठेवले? सत्काराच्या भाषणात याचे उत्तर मिळत नाही. शासनाच्या अहवालात तर नाहीच, कारण तिथे ‘प्रशिक्षण दिलेल्या शिक्षकांची संख्या’ एवढाच रकाना असतो.

आणि हे केवळ इतिहासाचे कुतूहल नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा सुमारे १५ हजार आहेत. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव २०२३मध्ये आला तेव्हा त्यांची बरीच चर्चा झाली. अशा शाळेत पहिली ते चौथी किंवा पाचवी एकाच खोलीत बसते आणि शिक्षक एक किंवा दोन. आजच्या तरुण शिक्षकाला हे संकट वाटते, कारण त्याचे पाठनियोजन एक इयत्ता, एक विषय, एक तासिका असे शिकवले गेले आहे. एकशिक्षकी शाळेत हयात घालवलेल्यांना मात्र हा रोजचा दिवस होता. चौथीला गणिते घालून पहिलीकडे वळायचे केव्हा, तिसरीतल्या कोणत्या मुलीकडे पहिलीतली दोन पोरे सोपवायची आणि कोणत्या मुलाकडे मुळीच नाही, पावकी-निमकी आणि दिडकीचे पाढे सगळ्यांकडून एकत्र म्हणून घेताना लहानांना काय मिळते आणि काय डोक्यावरून जाते, याचे त्यांचे ठोकताळे होते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेले बीडकडचे पोर उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते तेव्हा ते नेमके कुठे विसरलेले असते, याचाही अंदाज होता. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या, नंदुरबारकडे भिली बोलणाऱ्या किंवा तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतले वाचन शिकवताना पहिले तीन महिने काय करायचे, हे ज्यांना कळले होते त्यांनी ते कुठल्याही पुस्तकातून शिकलेले नव्हते. आज निपुण महाराष्ट्राच्या नावाने जे प्रश्न आपण नव्याने मांडतो आहोत, त्यांतले पुष्कळसे हेच आहेत.

अगदी छोटे उदाहरण घ्यायचे तर हातच्याच्या वजाबाकीचे. बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितले की दुसरीतली बरीच मुले पस्तीस लिहितात. मुलाने आळस केलेला नसतो. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने बिनधास्त सातातून दोन वजा केलेले असतात. काही शिक्षक तिथे लाल फुली मारतात. काही जण तुरीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या मुलापुढे ठेवतात, सत्तावीस काड्या काढून दे म्हणतात, आणि मूल अडले की एक जुडी सोडायला ते स्वतः सुचवत नाहीत. मुलाला ते सुचेपर्यंत गप्प राहतात. हे किती वेळ गप्प राहायचे आणि कुठल्या मुलापुढे राहायचे नाही, इथे शिकवण्याचे कसब आहे. ते मानपत्रात मावत नाही, कारण मानपत्र लिहिणाऱ्याला ते माहीतच नसते. आणि ज्याला माहीत असते तो गुरुजी म्हणतो, ‘त्यात काय एवढे, सगळेच करायचे.’ सगळे करत नव्हते. पण कुणी विचारलेच नाही तर आपण केले ते वेगळे होते, हे करणाऱ्यालाही कळत नाही.

शासनाला निवृत्त शिक्षकांची आठवण येते ती वेगळ्या वेळी. जुलै २०२३मध्ये निर्णय निघाला की भरती होईपर्यंत रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २० हजार रुपये मानधनावर कंत्राटी घ्यावे, वयोमर्यादा सत्तर. त्या निर्णयावर बेरोजगार डी.एड.धारकांनी जो आक्षेप घेतला तो रास्तच होता. तरुण दारात उभे असताना निवृत्तांना परत बोलावणे ही भरती टाळण्याची पळवाट आहे. पण त्यातली दुसरी गोष्ट फारशी कुणी बोलली नाही. राज्याला हा माणूस हवा होता तो वर्गावर उभे राहायला, जागा भरायला. नव्या शिक्षकाला काही सांगायला नव्हे. म्हणजे समाज त्याला पंच्याहत्तरीला खुर्चीवर बसवतो, शासन सत्तरीच्या आत रिकाम्या खुर्चीसाठी बोलावते, आणि त्याच्या डोक्यात काय आहे याची विचारपूस दोघेही करत नाहीत.

ज्यांचे काम टिपले गेले त्यांचे काय झाले ते पाहिले की फरक कळतो. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आल्या आणि १९४५मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सहकारी झाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, यातून अंगणवाडी उभी राहिली. गुरे राखणारी मुले कुरणावर असतात तर शाळाही कुरणावर, म्हणून कुरणशाळा. या दोघींनी आपण काय करतो, काय फसते, कुठली सामग्री आदिवासी मुलांच्या हाती सहज येते, हे सतत लिहिले, शिक्षक तयार करताना सांगितले, छापले. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ आजही मिळवून वाचता येते. १९७५मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा अंगणवाडी हे नाव आणि कल्पना हाताशी तयार होती, आणि आज ती देशभर आहे. कोल्हापूरच्या लीलाताई पाटलांनी निवृत्तीनंतर १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले आणि तिथल्या वर्गांतले अनुभव पुस्तकांमागून पुस्तकांत नोंदवले. त्या नोंदींवर कितीतरी शिक्षकांनी आपले वर्ग बेतले. या बायका असामान्य होत्या, सामान्य मास्तरांशी त्यांची तुलना कशाला, असे यावर कुणी म्हणेल. असामान्य होत्याच. पण दुसरीकडे असामान्य कुणी नव्हतेच, हे आपण कशावरून ठरवणार? त्यांची टाचणे रद्दीत गेली आणि ते स्वतः लिहिणारे नव्हते. ताराबाई आणि अनुताई यांच्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते त्या थोर होत्या म्हणून नव्हे, तर लेखी उरले म्हणून ठाऊक आहे.

आता सत्काराच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते हलके नाही. ते म्हणतात, गावाने प्रेमाने दिलेली शाल आहे, तिचा हिशेब मागू नका. म्हाताऱ्या माणसाला एक संध्याकाळ आपल्या लोकांत बसायला मिळते, डोळे भरून येतात, मुलाबाळांना आपल्या बापाची किंमत कळते. तिथे मुलाखती आणि नोंदी घेऊन बसणे म्हणजे तपासणीच. हे मला मान्य आहे, अर्धे. कौतुकाला उपयुक्ततेची अट घालू नये, हे खरे. पण कौतुक आणि उपयोग यांचे वैर असते हे खरे नाही. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत त्यांचा सत्कार झाला. सी. के. बोले अध्यक्ष होते. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर त्या सभेला होते, आणि त्यांनी त्या मुलाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांकडून शिष्यवृत्ती मिळावी म्हणून शब्दही टाकला. त्या पुस्तकाने काय केले ते सांगायला नको. सभेत हारतुरेही झाले असतील. पुस्तकामुळे त्यांचा मान कमी झाला नाही. इथे बाजू उलटी आहे, शिक्षकाने विद्यार्थ्याला दिले. पंच्याहत्तरीच्या सभेत विद्यार्थ्यांनी शिक्षकाला त्याच तोलाचे काही द्यायचे तर ते त्याच्या कामाची गंभीर दखल हेच असू शकते. नाही तरी घरात शालींचा ढीग पडलेला असतोच. बहुतेक गुरुजी त्या पुढच्या सत्कारांना वाटून टाकतात, हे समितीलाही माहीत असते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. जुन्या मास्तरांच्या पद्धती म्हणजे छडी, घोकंपट्टी, आणि कित्येक ठिकाणी पोराची जात पाहून त्याला मागच्या ओळीत बसवणे. ते जतन करायचे? उत्तर असे की होय, तेही नोंदवायचे, आणि सत्कार ते नोंदवत नाही हीच तर तक्रार आहे. व्यासपीठावर छडीचा विनोद होतो. ‘सरांनी हाणले म्हणून इथवर आलो’ यावर हशा पिकतो. हे म्हणणारे सगळे इथवर आलेले असतात. त्याच छडीने ज्यांनी चौथीत शाळा सोडली ते मंडपात मागे उभे असतात किंवा आलेलेच नसतात, आणि मार हेच यशाचे कारण होते असा निष्कर्ष फक्त यशस्वींना विचारून निघतो. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला २००९मध्ये मनाई केली. त्याआधीच्या पन्नास-साठ वर्षांत वर्गात मार किती होता, कुठल्या मुलांना जास्त बसत होता, आणि ज्या शिक्षकांनी छडी खाली ठेवली त्यांनी शिस्त कशी राखली, हे सांगू शकणारी शेवटची पिढी आता पंच्याहत्तरीत आहे. ती प्रामाणिकपणे सांगेल का? सगळे नाही सांगणार. पण मानपत्र वाचून झाल्यावर तर कुणीच सांगणार नाही.

गौरवाच्या भाषणांतून आणखीही बरेच काही गळते. १९७७-७८च्या राज्य कर्मचाऱ्यांच्या ५४ दिवसांच्या संपात या शिक्षकांपैकी पुष्कळ जण होते. घरात दाणा नसताना दोन महिने कसे काढले ते गुरुजी नातवाला सांगतात, सभेत तो विषय कुणी काढत नाही. शैक्षणिक कार्यात वेतन, बदली, संघटना हे विषय बसत नाहीत असा समज आहे. हा समज पुढे फार महागात पडणार आहे. २०००नंतर आलेल्यांनी शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे जेमतेम तीन हजार रुपयांवर काढली. १ नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांतल्या काहींनी वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवले. त्यांच्या पंच्याहत्तरीला ‘निःस्वार्थ सेवा’ हे शब्द वाचताना वाचणाऱ्याची जीभ अडखळायला हवी.

तिसरी शंका व्यवहाराची. पंच्याहत्तरीतल्या आठवणींवर किती भरवसा ठेवायचा, आणि हे करणार कोण? आठवण एकटी उभी करू नये, हे बरोबर. शाळेत दाखलखारीज रजिस्टर असते, हजेरीपत्रके असतात, शेरेबुकात विस्तार अधिकाऱ्यांचे शेरे असतात; जिथे ती वाळवीच्या आधी आपल्या हाती लागतील तिथे गुरुजींचे सांगणे त्यांच्याशी ताडून पाहता येते. सहकारी हयात असतात, तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी पन्नाशी-साठी गाठलेली असते. करायला माणसे आहेत. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे डी.एल.एड.चे विद्यार्थी आहेत, आणि त्यांना छात्रसेवाकालात जे प्रकल्प लिहायला लावतात त्यातले बरेचसे एकमेकांच्या वहीतून उतरतात. त्यातल्या एका मुलाला फोनवर दोन-तीन बैठका ध्वनिमुद्रित करायला सांगणे अवघड नाही. प्रश्न मात्र नीट हवेत. ‘आपल्या यशाचे रहस्य काय’ असे विचारले की मानपत्रच परत ऐकायला मिळेल. पहिलीतले न बोलणारे मूल आठवते का, त्याच्याशी काय केले. जोडाक्षरे कुठून सुरू करत होता. कोणता धडा शिकवायला नको वाटायचा. कोणते मूल तुमच्याने वाचायला शिकले नाही आणि का, असे विचारावे लागेल. मिळालेले ध्वनिमुद्रण केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास वाजवले तरी ते तिथे वाचल्या जाणाऱ्या परिपत्रकांपेक्षा अधिक ऐकले जाईल.

कार्यक्रमातही दोन बदल विनाखर्च करता येतील. सत्काराला उत्तर शेवटी न ठेवता सुरुवातीला, पाहुण्यांच्या आधी, निदान तासभर ठेवावे, आणि त्यात गुरुजींनी आभार न मानता काम सांगावे. आणि बोलणाऱ्यांची यादी करताना समितीने तहसीलदार आणि डॉक्टरांबरोबर एक नाव मुद्दाम शोधून घालावे: त्याच वर्गात बसलेला, चौथीत किंवा पाचवीत शाळा सुटलेला, आज गावातच असलेला माणूस. त्याला भाषण येणार नाही कदाचित. पण शाळा का सुटली आणि ती सुटू नये म्हणून त्या वेळी सर किंवा बाई घरी येऊन काय म्हणाल्या होत्या, किंवा आल्याच नव्हत्या, हे सांगायला तो लागतो.